चिकन शिजलं की दारू उडून जाते का? फ्रान्सच्या 'कोक ओ व्हँ'ची गोष्ट आणि त्यामागचं गणित

चिकनचा रस्सा म्हटला की डोळ्यांसमोर लाल तर्री येते. फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध चिकनचा रस्सा मात्र जांभळट तपकिरी असतो. त्यात हळद नाही, मिरची नाही आणि पाणीही जवळजवळ नाही. कारण ते चिकन शिजतं बाटलीभर रेड वाईनमध्ये. या पदार्थाचं नाव आहे 'कोक ओ व्हँ'.

नाव ऐकायला भारदस्त असलं तरी अर्थ अगदी साधा आहे. फ्रेंचमध्ये 'कोक' म्हणजे कोंबडा आणि 'व्हँ' म्हणजे वाईन. थोडक्यात, वाईनमधला कोंबडा.

या पदार्थाचे व्हिडिओ पाहिलेत तर त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काळजी करू नका, शिजताना सगळं अल्कोहोल उडून जातं." या एका वाक्याच्या भरवशावर हा पदार्थ लहान मुलांना वाढला जातो, दारू न पिणाऱ्या पाहुण्यांच्या ताटात जातो आणि दारू सोडलेल्या माणसासमोरही येतो.

पण हे वाक्य खरं आहे का? आणि मुळात कोंबडा वाईनमध्ये शिजवायची गरज का पडली?

कोंबडीच का नाही, कोंबडाच का?

याचं उत्तर गावाकडच्या कुणालाही पटकन समजेल. अंडी देणारी कोंबडी शेतकऱ्याच्या कामाची असते. म्हातारा झालेला कोंबडा मात्र ना अंडी देतो, ना आधीसारखा कळप सांभाळतो. मग तो चुलीवर जातो.

पण वर्षानुवर्षं अंगणात पळालेल्या कोंबड्याचं मांस चिवट असतं. गावरान कोंबडा आणि दुकानातलं ब्रॉयलर चिकन यांना शिजायला लागणाऱ्या वेळेतला फरक तुम्हाला माहीतच असेल. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांतच कापलं जातं. त्याचे स्नायू फारसे वापरलेलेच नसतात, म्हणून ते अर्ध्या तासात मऊ होतं. म्हाताऱ्या कोंबड्याला दोन-तीन तास लागू शकतात.

या चिवटपणामागे कोलाजेन नावाचं प्रथिन असतं. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये आणि सांध्यांमध्ये ते भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर, ओलाव्यात बराच वेळ राहिलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या सुपाला जो चिकटपणा येतो तो याच जिलेटिनचा. म्हणजे कोंबडा जितका म्हातारा, तितका शिजायला वेळ जास्त, पण रस्सा तितकाच दाट.

फ्रान्सच्या द्राक्षं पिकवणाऱ्या भागांत घरची वाईन सहज मिळायची. चिवट मांस, हाताशी असलेली वाईन आणि मंद आचेवर दिवसभर ठेवता येणारं भांडं. हा पदार्थ याच गरजेतून आला. आज तो महागड्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर दिसतो, पण मुळात तो शेतकऱ्याच्या घरातला काटकसरीचा पदार्थ आहे.

ज्युलियस सीझरची गोष्ट खरी आहे का?

कोक ओ व्हँबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. आजचा फ्रान्स ज्या भागात आहे तिथं पूर्वी गॉल लोक राहायचे. ज्युलियस सीझरच्या रोमन सैन्यानं त्यांना वेढा घातला. गॉलच्या सरदारानं रोमनांना खिजवायला एक जिवंत कोंबडा पाठवला. सीझरनं मग त्या सरदाराला जेवायला बोलावलं आणि तोच कोंबडा वाईनमध्ये शिजवून त्याच्यापुढे ठेवला.

गोष्ट झकास आहे, पण तिला पुरावा नाही. वाईनमधल्या कोंबड्याची कृती या नावानं लिखित स्वरूपात दिसते ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी १८६४ च्या एका पाककृतींच्या पुस्तकात व्हाइट वाईनमधल्या चिकनची मिळतीजुळती कृती आहे. खेड्यापाड्यांत हा पदार्थ त्याआधीपासून होत असणार, असं साधारण मानलं जातं. पण शेतकऱ्याच्या घरची रोजची भाजी कुणी लिहून ठेवत नाही.

कोंबड्याचं आणि फ्रान्सचं नातं मात्र खरंच जुनं आहे. लॅटिनमध्ये 'गॅलस' या शब्दाचे दोन अर्थ होतात: कोंबडा आणि गॉल प्रदेशातला माणूस. या शब्दसाम्यामुळे कोंबडा फ्रान्सचं प्रतीक झाला. फ्रान्सच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर आजही तोच कोंबडा असतो.

मग हा पदार्थ जगभर कसा पोहोचला?

याचं मोठं श्रेय एका अमेरिकन बाईंना जातं. ज्युलिया चाइल्ड यांनी सिमोन बेक आणि लुइझेट बर्थोल यांच्यासोबत लिहिलेलं 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. पाठोपाठ १९६३ मध्ये बोस्टनच्या टीव्ही वाहिनीवर 'द फ्रेंच शेफ' हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. फ्रेंच स्वयंपाक म्हणजे हॉटेलातल्या शेफचं काम, हा समज त्यांनी मोडला. त्यांच्या गाजलेल्या पदार्थांमध्ये कोक ओ व्हँ होता. त्यांच्या आयुष्यावर २००९ मध्ये 'ज्युली अँड ज्युलिया' हा सिनेमाही आला आणि त्यात मेरिल स्ट्रीपनं ज्युलिया चाइल्ड यांची भूमिका केली.

खुद्द फ्रान्समध्ये मात्र या पदार्थाची एकच कृती नाही. बर्गंडी भागात पिनो नोआर द्राक्षांची रेड वाईन घालतात. जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सासमध्ये रीझलिंग ही व्हाइट वाईन आणि साय घालतात. ज्युरा भागात तिथली पिवळी वाईन वापरतात. ज्या भागात जी वाईन, त्या भागाचा तसा कोंबडा. आपल्याकडे कोल्हापूर, मालवण आणि नागपूरचा रस्सा वेगवेगळा असतो, तसंच.

वाईन नेमकं काय काम करते?

वाईन तीन कामं करते.

पहिलं, आंबटपणा. वाईनमधल्या आम्लांमुळे मांसाचा आणि चरबीचा जडपणा कमी वाटतो. आपण मटणात दही, टोमॅटो किंवा कोकम घालतो त्यामागेही हाच हिशोब असतो.

दुसरं, चव आणि रंग. द्राक्षांच्या सालीतली रंगद्रव्यं आणि टॅनिन रस्स्यात उतरतात. वाईन आटते तशी ही चव दाट होत जाते.

तिसरं काम अल्कोहोलचं. काही सुगंधी घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत, पण अल्कोहोलमध्ये विरघळतात. त्यामुळे लसूण, थाइम आणि भाजलेल्या मांसाचा वास रस्साभर पसरतो.

मांस वाईनमध्ये मुरवायची ही पद्धत युरोपात इतरत्रही होती आणि तिचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीजांकडे 'कार्ने द विन्या द आल्योस' नावाचा पदार्थ होता: वाईन आणि लसणात मुरवलेलं मांस. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा इथं वाईनऐवजी माडीचं व्हिनेगर वापरलं गेलं, त्यात मिरची आणि मसाले पडले, आणि 'विन्या द आल्योस'चं झालं विंदालू. म्हणजे कोक ओ व्हँ आणि विंदालू यांचं नातं वाटतं तितकं दूरचं नाही.

आता मुख्य प्रश्न: अल्कोहोल उडून जातं का?

थोडक्यात उत्तर: बरंचसं उडतं, सगळं नाही.

शुद्ध अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे रस्सा उकळला की अल्कोहोल संपलं, असं वाटतं. पण वाईनमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात. मिश्रण उकळताना दोन्हींची वाफ एकत्र बाहेर पडते. सुरुवातीला अल्कोहोल झपाट्यानं जातं, पण त्याचं प्रमाण कमी झालं की वेगही मंदावतो. थोडं अल्कोहोल शेवटपर्यंत मागे राहतं.

अमेरिकेत यावर सहा पाककृती घेऊन एक अभ्यास झाला आणि तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पदार्थानुसार ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल शिल्लक राहिल्याचं दिसलं. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार, अल्कोहोल पदार्थात मिसळून शिजवलं तर साधारण असं चित्र दिसतं:

• १५ मिनिटांनी: ४० टक्के शिल्लक
• ३० मिनिटांनी: ३५ टक्के
• १ तासानं: २५ टक्के
• दीड तासानं: २० टक्के
• २ तासांनी: १० टक्के
• अडीच तासांनी: ५ टक्के

आणि ब्रँडी ओतून आग लावतात, त्या दिलखेचक ज्वाळेचं काय? त्या तक्त्यानुसार ज्वाळा विझल्यावरही सुमारे ७५ टक्के अल्कोहोल तसंच राहतं. पुरेसं अल्कोहोल जळालं की ज्वाळा आपोआप विझते, पण त्याचा अर्थ अल्कोहोल संपलं असा होत नाही.

इथेच गंमत आहे

जुन्या पद्धतीत म्हातारा कोंबडा दोन-अडीच तास शिजायचा. तेवढ्या वेळात बहुतेक अल्कोहोल निघून जायचं. आज आपण तीच कृती ब्रॉयलर चिकनवर करतो. ते चिकन ३०-४० मिनिटांत तयार होतं. कोंबडा बदलला, वेळ कमी झाला, पण "सगळं उडून जातं" हे वाक्य मात्र तसंच राहिलं.

आकड्यांत बघू. ७५० मिलीच्या बाटलीत १३ टक्के अल्कोहोल धरलं तर एकूण ९७ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल होतं. ३० मिनिटं शिजवल्यावर ३५ टक्के, म्हणजे साधारण ३४ मिली उरतं. चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेआठ मिली. १५० मिलीच्या एका ग्लास वाईनमध्ये सुमारे साडेएकोणीस मिली असतं. म्हणजे सगळा रस्सा खाल्ला तर अर्ध्या ग्लासाच्या थोडं खाली.

हेच चिकन अडीच तास शिजलं असतं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिलीच्या आसपास आलं असतं.

हे आकडे अंदाजे आहेत. पसरट उघड्या भांड्यात अल्कोहोल जास्त उडतं, उभ्या आणि झाकलेल्या भांड्यात कमी. प्रेशर कुकरमध्ये तर वाफेला बाहेर पडायला वावच कमी असतो आणि शिजण्याचा वेळही कमी.

याचा फरक कुणाला पडतो?

बहुतेक प्रौढांना यामुळे काही होणार नाही. पण काही लोकांसाठी हा प्रश्न चवीचा नाही.

धर्मामुळे किंवा स्वतःच्या निर्णयानं दारू न घेणाऱ्यांना ताटात काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. लहान मुलं आणि गरोदर महिलांसाठी हा पदार्थ टाळलेलाच बरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारू सोडलेली माणसं. अनेकांसाठी नुसता वास आणि चवही जुनी ओढ जागी करू शकते. शिवाय व्यसनमुक्तीच्या उपचारात काही जणांना डायसल्फिरॅम हे औषध दिलं जातं. ते घेत असताना पोटात अल्कोहोल गेलं तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होतो. या रुग्णांना अल्कोहोल असलेले सॉसही टाळायला सांगितलं जातं.

म्हणून नियम एकच: वाढण्याआधी सांगा. "यात वाईन आहे, आणि ती पूर्ण उडालेली नाही." कोक ओ व्हँमध्ये बेकन म्हणजे डुकराचं मांसही असतं, तेही सांगा.

घरी करायचं असेल तर काय लागेल?

चौघांसाठी:

• हाडासकट चिकन, सव्वा ते दीड किलो, ८ तुकडे (मांडी आणि तंगडी उत्तम)
• रेड वाईन, १ बाटली (७५० मिली)
• चिकन स्टॉक, १ कप
• बेकन, १०० ग्रॅम (नको असेल तर त्याऐवजी २ चमचे लोणी)
• सांबारात घालतात ते छोटे कांदे, १२ ते १५
• बटण मशरूम, २५० ग्रॅम
• गाजर २, लसूण ५ पाकळ्या, टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा
• थाइम आणि बे लीफ
• लोणी २ मोठे चमचे, मैदा २ मोठे चमचे
• मीठ, मिरपूड

बे लीफच्या जागी आपलं तमालपत्र घालू नका. दोन्ही वेगळ्या झाडांची पानं आहेत. तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो आणि त्यामुळे रस्सा पुलावाकडे झुकतो. बे लीफ नसेल तर नुसतं थाइम पुरे.

वाईन कुठली? फार टॅनिन नसलेली आणि गोड नसलेली. नाशिकच्या वायनरींमध्ये शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्योंच्या रेड वाईन तयार होतात. त्या बर्गंडीच्या पिनो नोआरपेक्षा दणकट असतात आणि फार आटवल्या तर तुरट लागतात. त्या वापरल्या तर वाईन थोडी कमी आणि स्टॉक थोडा जास्त घ्या. गोव्यात मिळणारी स्वस्त पोर्ट वाईन गोड असते. ती घातली तर रस्स्याचा पाक होईल. आणि महागडी बाटली फोडायची गरज नाही. तिचे नाजूक सुगंध उकळताना तसेही टिकत नाहीत.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं किंवा इनॅमल लावलेलं घ्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ, तांबं नको. वाईनमधल्या आम्लाची त्या धातूंशी प्रक्रिया होते.

कृती: पाच टप्पे

१. मुरवणं. चिकन, गाजर, लसूण आणि थाइम वाईनमध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ब्रॉयलर असेल तर ही पायरी गाळली तरी चालते, गावरान असेल तर जरूर करा.

२. खरपूस भाजणं. चिकन बाहेर काढून कागदी नॅपकिननं अगदी कोरडं करा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. मांस ओलं असेल तर आधी पाणी उकळत राहतं आणि तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. मांसाला तपकिरी रंग आणि भाजका वास देणारी मायार प्रक्रिया खऱ्या अर्थानं १४० अंशांच्या आसपास वेग घेते. तिचं नाव लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञावरून पडलं. त्यानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. बेकन परता, त्याच्या सुटलेल्या चरबीत चिकनचे तुकडे गर्दी न करता दोन्ही बाजूंनी भाजा आणि बाजूला काढा.

३. वाईन आटवणं. त्याच भांड्यात गाजर, लसूण आणि टोमॅटो पेस्ट परता. वाईन ओता आणि तळाला चिकटलेला खरपूस थर उलथन्यानं सोडवून घ्या. अर्धी चव तिथंच असते. आता झाकण न ठेवता वाईन निम्मी होईपर्यंत उकळा. अल्कोहोल कमी करायचं असेल तर ही पायरी घाई न करता पूर्ण करा. चिकन वाईनमध्ये मुरवलं असेल तर तीच वाईन इथं वापरायची, मात्र ती खळखळून उकळलीच पाहिजे, कारण त्यात कच्च्या मांसाचा रस आहे.

४. मंद शिजवणं. स्टॉक, चिकन, बे लीफ आणि मीठ घाला. रस्सा खदखदू देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा आला पाहिजे. ब्रॉयलरला ३५ ते ४५ मिनिटं, गावरानला दीड ते दोन तास. छातीचे तुकडे असतील तर ते २५ मिनिटांतच काढून ठेवा, नाहीतर कोरडे होतात. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं.

५. शेवटचा हात. तोवर दुसऱ्या तव्यावर लोण्यात छोटे कांदे आणि मशरूम लालसर परतून घ्या. ते सुरुवातीपासून रस्स्यात घातले तर त्यांचा गाळ होतो. मऊ लोणी आणि मैदा एकत्र मळून छोट्या गोळ्या करा आणि त्या एकेक करून रस्स्यात विरघळवा. पाच मिनिटांत रस्सा अंगाबरोबर होईल. जुन्या फ्रेंच पद्धतीत दाटपणासाठी कोंबड्याचं रक्त घालायचे. आपल्याकडे बकऱ्याच्या रक्ताची रक्ती करतात, त्यामुळे ही कल्पना अगदीच परकी वाटायला नको.

सोबत उकडलेले बटाटे, ब्रेड किंवा साधा भातही चालतो. आणि हो, हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

वाईन नकोच असेल तर?

काळ्या द्राक्षांचा बिनसाखरेचा रस आणि चिकन स्टॉक निम्मे-निम्मे घ्या आणि दोन चमचे व्हिनेगर घाला. द्राक्षाचा रस गोड असतो, म्हणून तो फार आटवू नका. 'अल्कोहोलमुक्त' वाईन घेणार असाल तर लेबल वाचा, कारण काहींमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं.

याला 'कोक ओ व्हँ' म्हणता येणार नाही, हे खरं. पण कोरडं करून भाजणं, तळाचा थर सोडवणं, मंद आचेवर धीर धरणं हे सगळं त्यात तसंच राहतं. आणि पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला तो निर्धास्त वाढता येतो.